इतिहासाचा एमए, परदेशात: नायगावच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

विद्यार्थिनी २२ वर्षांची, नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारी. मुंबई विद्यापीठातून इतिहास घेऊन २०२४ साली बीए झालेली, गुण चांगले. वडील बेस्टमधून निवृत्त, आई महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेदहा लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशात इतिहासाचा एमए सुरू करायचा, हे ठरलेलं. विद्यार्थिनी, तिचं घर आणि विद्यापीठ प्रातिनिधिक आहेत. मुंबईतल्या अर्जांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी इथे एका घरात आणल्या आहेत. नियम आणि सरकारी दर मात्र २०२५ च्या हंगामात लागू असलेले, जसेच्या तसे.

देश कसा ठरला

अमेरिका पहिल्याच आठवड्यात बाद झाली. तिथे इतिहासाच्या एमएला शिष्यवृत्ती क्वचित मिळते. पैसे मिळतात ते पीएचडीला, म्हणजे पाच-सहा वर्षांची तयारी हवी. शिवाय आपली तीन वर्षांची बीए सगळीच विद्यापीठं थेट मानत नाहीत.

जर्मनीचा विचार जास्त गंभीर होता. ग्योटिंगेनला आधुनिक भारताच्या अभ्यासाचा एमए इंग्रजीतून आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवणी फी नाही, फक्त सत्रशुल्क. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाला ११,९०४ युरो दाखवायचे आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे पदवीचे कागद तपासल्याचा दाखला, आधी काढावा लागतो. पैशाच्या हिशेबात हा पर्याय यूकेपेक्षा सरस आहे, हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं होतं, आणि सांगितलंही. पण अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि आईच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. घरानं एक वर्षाचा यूकेचा एमए निवडला. सल्लागार म्हणून आमच्या मते हा निर्णय काठावरचा होता. जर्मन शिकायची तयारी असलेल्या मुलीला आम्ही उलटा सल्ला दिला असता.

लंडन टाळलं ते खर्चामुळे. उत्तर इंग्लंडमधलं एक विद्यापीठ घेतलं: फी २२,५०० पौंड, त्यात ५,००० ची सूट.

विषय: आधी काय होता, मग काय झाला

पहिल्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) लहानपणी पाहिलेले किल्ले होते, इतिहासाची आवड होती आणि ‘मराठ्यांचा गौरवशाली वारसा जगापुढे आणायचा’ हा संकल्प होता. असे अर्ज मुंबई-पुण्याहून दरवर्षी ढिगानं जातात. यूकेतल्या तासिकांवर चालणाऱ्या (टॉट) एमएला प्रवेश बऱ्याच ठिकाणी गुणांवरच मिळतो, त्यामुळे असा मजकूर प्रवेश अडवत नाही. तो शिष्यवृत्ती घालवतो. निवड समितीला तीन गोष्टी हव्या असतात: प्रश्न काय, तो कोणत्या कागदांतून सुटेल, आणि ते कागद वाचायची तुमची तयारी आहे का.

प्रश्न तिच्या दाराबाहेरच होता. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. कामगारांसाठी ५०,००० खोल्यांची योजना होती. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीत १२. शहरात राहायला जागा नाही अशी ओरड असताना १९२० च्या दशकात यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. का? भाडं, गिरणीपासूनचं अंतर, बांधकाम, पाणी, की तिथे राहायला जाणाऱ्यांची जात आणि गाववाल्यांची सोबत? एवढा प्रश्न १५,००० शब्दांच्या प्रबंधाला पुरतो. ‘मुंबईच्या कामगारांचा इतिहास’ हा विषय पुरत नाही, कारण त्यात बुडायला होतं.

इथे मोडीबद्दल एक सूचना. इतिहासाच्या अर्जात वजन पडावं म्हणून बरेच जण घाईघाईनं मोडीचा वर्ग लावतात. पेशवाईवर किंवा एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-महसुलावर काम करायचं असेल तर मोडीशिवाय पर्याय नाही. १९२० नंतरच्या सचिवालयाच्या फाइली इंग्रजीत आहेत आणि वृत्तपत्रं बाळबोधीत. या विद्यार्थिनीनं मोडीला दिले असते ते महिने वाया गेले असते. तिचं खरं भांडवल वेगळं होतं: १९२३ मध्ये सुरू झालेला ‘नवाकाळ’ आणि त्या काळची इतर मराठी पत्रं ती भराभर वाचू शकते. यूकेतल्या तिच्या वर्गात हे जमणारं दुसरं कुणी असण्याची शक्यता कमी.

कागद मुंबईत, पदवी तिकडे

सगळ्यात जास्त चूक इथे होते. एक वर्षाचा एमए सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो. एकूण १८० क्रेडिट, त्यातले १२० तासिकांचे आणि ६० प्रबंधाचे. मे ते ऑगस्टअखेर प्रबंध लिहायचा. त्या चार महिन्यांत मुंबईला येऊन दप्तरखान्यात बसू, असं मनात धरून बरेच जण निघतात. विमानाचं भाडं आहे, पावसाळा आहे, दप्तरखान्याच्या सुट्ट्या आहेत, आणि मागितलेली फाइल ‘ठिसूळ’ म्हणून न मिळण्याची शक्यता कायम आहे. म्हणून निघण्याआधीचे सहा महिने हाच या पदवीचा पहिला भाग धरायचा.

तिनं जुलै ते डिसेंबर २०२४ काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात काम केलं. पहिला अडथळा दारातच आला. संशोधक म्हणून अर्ज करायला संस्थेचं पत्र लागतं. बीए संपलेलं, एमए सुरू नाही, म्हणजे संस्था कुठली? जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र चाललं. हे पत्र निकालानंतर लगेच घ्यावं. जूनमध्ये प्रवेशाची गडबड सुरू झाली की कार्यालयात कुणाला वेळ नसतो.

काम करायची पद्धत अशी: आधी खात्याच्या वार्षिक सूच्या वाचायच्या, त्यातून फाइलींचे क्रमांक काढायचे, मग मागणीची चिठ्ठी. प्रत्येक टिपणावर खातं, साल, खंड किंवा फाइल क्रमांक आणि पान हे चारही लिहायचे. यातला एक जरी राहिला तर प्रबंध लिहिताना तळटीप देता येत नाही, आणि तळटीप नसलेला उतारा प्रबंधात घालता येत नाही. फोटो काढायला परवानगी आहे का, किती पानांना आणि कशी, हे पहिल्या दिवशीच लेखी विचारून घ्यायचं.

त्याच महिन्यांत दोन कामं आणखी झाली. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जुनी नियतकालिकं पाहिली. आणि १९२१ पासून निघणाऱ्या ‘लेबर गॅझेट’मधले भाड्याचे व कामगारांच्या घरखर्चाचे तक्ते उतरवून घेतले.

मग लंडनला काय आहे? ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याचं दप्तर. वाचकाचा पास फुकट मिळतो. पण तिथे काय पोचलं हे समजून घ्यायला हवं. मुंबई सरकारनं लंडनला पाठवले ते बहुतांशी पक्के झालेले ठराव, छापील कार्यवृत्तं आणि निवडक पत्रव्यवहार. कारकुनांचे शेरे, खोडलेले मसुदे, भाडेकरूंचे अर्ज हे ज्या फाइलीत जन्मले त्या फाइलीतच, म्हणजे मुंबईत राहिले. लंडनचा खरा उपयोग दोन गोष्टींना: देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक सरकारी गोषवारे, आणि इंडिया ऑफिसनं मुंबईला विचारलेले खोचक प्रश्न. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनपुढच्या साक्षी छापील आहेत. त्या मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळतात, त्यासाठी लंडन गाठायची गरज नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत होत्या, म्हणून तिथे जाण्याआधी प्रत्येक फाइल उपलब्ध आहे की नाही हे ईमेलनं पक्कं करायचं.

मग परदेशात जायचंच कशाला, असा प्रश्न मामांनी विचारला आणि तो रास्त होता. कागदांसाठी नाही. दर आठवड्याला दोन-तीनशे पानं वाचून बारा जणांसमोर आपला मुद्दा टिकवायची सवय, मोठं ग्रंथालय आणि मजकुरावर ओळीओळीनं शेरे देणारा मार्गदर्शक, यासाठी.

अर्जातल्या बारीक अडचणी

शिफारशी दोन लागल्या. शिक्षकांचे पत्ते जीमेलचे होते; बऱ्याच विद्यापीठांचं पोर्टल खासगी ईमेल स्वीकारत नाही. कॉलेजचा अधिकृत ईमेल आणि लेटरहेड, दोन्ही वापरून हे सुटलं. गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं आणि शेवटी आईचं नाव येतं. अर्जात मात्र पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं, दोन्हीकडे एकच. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत इतिहासासाठी सहसा एकूण ७ मागतात, लेखनाला वेगळी अट असते. या मुलीला एकूण ७.५ आणि लेखनात ६.५ मिळाले, एका विद्यापीठानं तेवढ्यावरून अडवलं. लेखनाची तयारी वेगळी करायला हवी होती.

पैसा

उत्पन्न ८ लाखांच्या वर असल्यानं बहुतेक सरकारी योजना मिटल्या. पात्र असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले. म्हणजे नेमका हाच विषय. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, तो नव्हता. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग इथेच चालते. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडाउमेंट मुंबईतच आहे, पण ती कर्जरूपानं मिळते आणि तिचे अर्ज विद्यापीठाचा निकाल येण्याआधीच भरावे लागतात. ही तारीख चुकली.

वर्षाचा खर्च असा मांडला. फी १७,५०० पौंड. खोली आठवड्याला १५० प्रमाणे ५१ आठवडे, ७,६५०. जेवण, प्रवास, फोन मिळून महिना ३५०, म्हणजे ४,२००. व्हिसा ५२४. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला ७७६, पण व्हिसा अभ्यासक्रमाच्या पुढेही चार महिने चालतो म्हणून दीड वर्षाचा, १,१६४. एकूण ३१,०३८ पौंड. ११६ रुपये दरानं ३६ लाख. विमान, क्षयरोग तपासणी, ट्रान्सक्रिप्ट, तारणाचा खर्च धरून साडेसदतीस. पार्टटाइम नोकरी या हिशेबात धरलेली नाही आणि धरूही नये: सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि एमएच्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा उन्हाळा सुट्टीत मोजला जात नाही.

घरात होतं काय? बँकेत ११ लाखांची एफडी, पतपेढीत साडेचार लाख, दोन लाखांपर्यंत मोडता येईल असं सोनं. बाकी २० लाख कर्ज.

बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवर तारण लागतं. बीडीडीची खोली भाडेहक्काची, ती गहाण ठेवता येत नाही. (ज्या खोल्यांवर प्रबंध लिहायचा, त्यांच्या भिंतींवर बँक एक रुपया द्यायला तयार नाही.) गावचं घर सिंधुदुर्गात, सातबाऱ्यावर नऊ चुलत्यांची नावं, वाटणी झालेली नाही. बिनतारणी कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी अभ्यासक्रमाचं नाव पाहून नकार दिला किंवा व्याज चढं सांगितलं. त्यांचा ओढा इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटकडे. एफडीच तारण ठेवू, असं वडिलांनी सुचवलं. ही मोठी चूक ठरली असती: लिएन (बँकेचा ताबा) लागलेली एफडी व्हिसासाठी हाताशी असलेली रक्कम म्हणून दाखवता येत नाही. एकच पैसा दोन ठिकाणी मोजला जात नाही.

आत्याचा डोंबिवलीचा फ्लॅट पुढे आला, पण इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही म्हणून बँकेच्या वकिलानं परत पाठवला. शेवटी मामांचा बदलापूरचा फ्लॅट चालला: खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), ओसी, सोसायटीचं ना-हरकत पत्र, मग टायटल सर्च (मालकीची तपासणी) आणि मूल्यांकन. एप्रिलमध्ये सुरू केलेलं काम जूनअखेर संपलं. ऑफर आल्यावर नव्हे, अर्ज केल्याबरोबर तारणाचे कागद काढायला घ्यावेत.

परतफेडीचं गणित घरच्यांसमोर उघडं मांडलं. १० टक्के दरानं २० लाखांवर वर्षाला दोन लाख साधं व्याज. अभ्यासाचं एक वर्ष आणि सवलतीचं एक धरून बोजा २४ लाखांच्या आसपास. पुढे दहा वर्षं महिना सुमारे ३१,७०० रुपये हप्ता. मुंबईत कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला हा हप्ता झेपत नाही. आईनं व्याज पहिल्या महिन्यापासूनच भरायचं ठरवलं, त्यामुळे बोजा २० लाखांवर राहिला.

व्हिसा: अठ्ठावीस दिवस

व्हिसासाठी राहण्याचा खर्च हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. २०२५ च्या हंगामात तो लंडनबाहेर महिना १,१३६ पौंड होता, नऊ महिन्यांचे १०,२२४. त्यात उरलेली फी १५,५०० (२,००० अनामत आधी भरलेली). दाखवायची रक्कम २५,७२४ पौंड, म्हणजे २९ लाख ८४ हजार. कर्ज २० आणि एफडी ११ मिळून ३१ लाख. दर वरखाली होण्याला चार टक्क्यांची जागा. अर्ज भरण्याच्या दिवसाचा दर धरला जातो, त्यामुळे एवढी मोकळीक ठेवावीच.

पतपेढीचे पैसे यात मोजले नाहीत. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसते, आणि यूकेला नियामकाच्या देखरेखीखालची वित्तसंस्था हवी. ते पैसे अनामत, व्हिसा फी आणि अधिभाराला वापरले. पीएफ आणि शेअरही चालत नाहीत.

एफडी मोडून ११ लाख वडिलांच्या बचत खात्यात ठेवले. सलग २८ दिवस शिल्लक एका दिवसासाठीही खाली जाता कामा नये. १९ व्या दिवशी एलआयसीचा हप्ता ईसीएसनं आपोआप गेला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यातच दुसरी अडचण निघाली. पालकांचा पैसा दाखवायचा तर नातं सिद्ध करणारा जन्मदाखला आणि संमतीपत्र लागतं. महापालिकेच्या दाखल्यावर बाळाचं नावच नव्हतं. हे मुंबईत सर्रास आढळतं. नाव नंतर घालता येतं, पण नियमाची मुदत १५ वर्षांची. दोन्हींवर उपाय एकच निघाला: पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात टाकले, त्या खात्यावरचे सगळे ऑटोडेबिट बंद केले आणि तिथून २८ दिवस मोजले. स्वतःच्या पैशाला नात्याचा पुरावा लागत नाही. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली हवी, तीही जमली.

कर्जाला २८ दिवसांची अट नाही, पण पत्र विद्यार्थिनीच्या नावाचं आणि सहा महिन्यांच्या आतलं लागतं. बँकेनं दिलेल्या पहिल्या पत्रात ‘गहाणखत पूर्ण झाल्यावर रक्कम दिली जाईल’ असं वाक्य होतं. असं सशर्त पत्र जोडणं धोक्याचं; गहाण पूर्ण करून नवं पत्र घेतलं. टीसीएसचा (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते त्या कराचा) प्रश्न आला नाही: २०२५-२६ मध्ये शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून १० लाखांच्या वर पाठवलं तरच ५ टक्के, आणि कर्जातून गेलेल्या रकमेवर काहीच नाही.

तिथलं वर्ष

पहिल्या निबंधाला ५६ गुण मिळाले. यूकेत ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ७० च्या वर क्वचित जातं. तेव्हा ५६ म्हणजे नापास होता होता वाचणं नव्हे, पण पुढच्या अर्जांना कमीच. शेरा एका ओळीचा: घटना सांगितल्या, युक्तिवाद नाही. मुंबईच्या ‘टिपा लिहा’ आणि ‘सविस्तर चर्चा करा’ या सवयीतून हेच येतं. पार्श्वभूमी, कारणं, परिणाम या क्रमानं तीन हजार शब्द भरले जातात. उपाय असा केला: निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात आपला दावा आणि तो ज्यांच्या विरोधात आहे ते इतिहासकार, दोन्ही लिहायचे. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य त्या दाव्याचा एक भाग. दुसऱ्या सत्रात ६४, नंतर ६८. दुसऱ्याच्या टिपणांतली वाक्यं अवतरणचिन्हांशिवाय उतरवण्याची सवय मात्र पहिल्या दिवशीच मोडावी लागते. तिथे ती शिस्तभंगाची बाब होते.

पीएचडीचं वेळापत्रक निष्ठूर आहे. निधीसह जागांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे एमए सुरू होऊन चार महिनेही झालेले नसतात, एकाही निबंधाचे गुण हातात नसतात आणि मार्गदर्शक नावानं जेमतेम ओळखत असतो. त्या फेरीत अर्ज करायचा तर लेखनाचा नमुना मुंबईहूनच तयार नेलेला हवा. तिनं ती फेरी सोडली आणि एमएचा प्रबंध हाच नमुना म्हणून पुढच्या फेरीत द्यायचं ठरवलं.

मधल्या काळासाठी ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथेच राहून काम करण्याचा) दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना दीड वर्षाचा. विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी, यूकेत असतानाच आणि विद्यापीठानं अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवल्यावर तो अर्ज करायचा. भारतात परतून नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) द्यायची तर जुलै २०२२ च्या भारत-यूके करारानं एक वर्षाचा एमए मान्य आहे, पण नेटला पदव्युत्तरचे ५५ टक्के लागतात. यूकेत ५२ वर उत्तीर्ण झालेल्याला इथे अडचण येऊ शकते, म्हणून प्रबंधाचे ६० क्रेडिट लिहिताना एकूण सरासरी ६० च्या वर कशी राहील, हा हिशेब तिनं मार्चमध्येच कागदावर मांडून ठेवला.